मायपाणी

कालवाच्या अळीला आयुष्यात एकच निर्णय घ्यायचा असतो, आणि तो चुकला तर फिरवता येत नाही.

जन्मल्यावर पंधरा-वीस दिवस ती पाण्यात नुसती भिरभिरते. रव्याच्या कणाहूनही लहान जीव. मग एके दिवशी तिच्या अंगावर काळा ठिपका उमटतो, तो तिचा डोळा. कवचातून जिभेसारखा एक पाय बाहेर येतो. त्या पायावर ती खडक चाचपत हिंडते. इथे बसू? नको, तिथे? जागा मनात भरली की डिंकाचा एवढासा थेंब सोडते आणि डाव्या कुशीवर कायमची चिकटते. त्यानंतर डोळा जिरून जातो, पायही जातो. जायचंच कुठे नाही, तर ठेवायचे कशाला?

डॉ. उल्का तारी ही हकिगत आपल्या लेकीला गोष्टीसारखी सांगे. चार वर्षांची जुई दर खेपेला त्याच जागी अडायची.

"पण तिला कसं कळतं गं, कुठे बसायचं ते?"

"मोठ्या कालवांची खूण लागते तिला. जिथे थोरली मंडळी जगली, तिथे आपणही जगू, असं तिला वाटतं."

हे तर सगळ्या जगाला ठाऊक होतं. उल्काचं नाव झालं होतं ते याच्या उलट गोष्टीमुळे.

बारा वर्षांपूर्वी, २०३४च्या एप्रिलात, कोकणात सलग अकरा दिवस अशी काही उष्णता पडली की ओहोटीला उघडे पडलेले खडक तव्यासारखे तापले आणि कालवं कवचातल्या कवचात शिजून गेली. उल्का तेव्हा सव्वीस वर्षांची, पीएच.डी.ची विद्यार्थिनी. तिनं सहा खाड्यांत कोऱ्या फरशा टांगल्या. पाच खाड्यांत पगारी माणसं नेमली, सहावी तिच्या माहेरची खारेवाडी, तिथे आई होती. पाच खाड्यांतल्या फरशा कोऱ्याच्या कोऱ्या वर आल्या. खारेवाडीच्या फरशांवर मात्र बोट ठेवायला जागा नव्हती, इतकी पिल्लं.

उल्कानं त्याचा अर्थ लावला, आणि तो अर्थ सुंदर होता. थोरली कालवं मेल्यावर जी अळी त्यांच्या खुणेची वाट बघत राहील ती मरणार, आणि जी कुणी न बोलावता कोऱ्या दगडावर बसायचं धाडस करील ती जगणार. खारेवाडीत उन्हानं निवड केली होती. उत्क्रांती, आणि तीही डोळ्यांदेखत! या वाणाला तिनं 'निडर' नाव दिलं. प्रयोगशाळेतल्या टाक्यांत तिनं तो प्रयोग पुन्हा पुन्हा केला. आई फरशा धुऊन, वाळवून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून एस.टी.नं रत्नागिरीला पाठवायची, आणि दर वेळी फरशा भरायच्या.

त्या शोधावर आता एक यंत्र उभं राहिलं होतं. त्याचं नाव पाळणा. खाडीत तरंगणारी, सौरऊर्जेवर चालणारी मोठी टाकी. ती अळ्यांना शेवाळ भरवते, पाणी थंड राखते, कॅमेऱ्यानं प्रत्येकीचा डोळा उमटला का ते तपासते, आणि वेळ झाली की आपली दारं उघडते. सात खाड्यांत सात पाळणे तयार होते. त्यांत निडर वाणाच्या सव्वीस कोटी अळ्या. खाली काँक्रीटचे हजारो कोरे ठोकळे मांडलेले. त्यांवर कालवं बसली की किनाऱ्याची धूप थांबवणारा जिवंत बांध तयार व्हायचा. दारं सोमवारी उघडणार होती. डोळा आलेल्या अळ्या फार तर तीन-चार दिवस कळ काढतात, नंतर मरतात.

आणि गुरुवारी पाळण्याचा इंजिनिअर झुबेर सोलकर उल्काच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, शून्य."

"काय शून्य?"

"कारखान्यातला ठोकळा टाकीत घालून शेवटची चाचणी घेतली. चाळीस हजार अळ्या सोडल्या. एक बसली नाही. कॅमेरा बिघडला असेल म्हणून मी स्वतः भिंग घेऊन बघितलं."

"मेल्यात?"

"छे हो, ठणठणीत आहेत. वर जातायत, खाली येतायत, परत फिरतायत. माझी बहीण लग्नाची साडी घेताना असंच करत होती. पण तिनं शेवटी घेतली तरी!"

उल्का हसली नाही. तिनं दोन फ्लास्क भरून अळ्या घेतल्या आणि शुक्रवारी दुपारी खारेवाडी गाठली. जो प्रयोग तिथे कधीच फसला नव्हता, तो तिथेच करून बघायचा.

तिची आई द्रौपदी, वाडीत सगळे तिला दुर्पतकाकी म्हणत, पासष्ट वर्षांची. अजूनही ओहोटीला कोयती घेऊन खडकावर जायची. जुईचा बाबा जहाजावर असल्यामुळे कामाच्या दिवसांत जुई आजीकडेच वाढत होती. उल्का पोचली तेव्हा दोघी पडवीत कालवं फोडत बसल्या होत्या. म्हणजे आजी फोडत होती आणि जुई शिंपल्या मोठ्या-लहान लावत होती.

"इलंस? नि ह्यो वार खयचो तुझो?" आई म्हणाली. "शुक्रवारी कशी काय? नोकरी सोडलंस की काय?"

"अजून नाय," उल्का म्हणाली. माहेरच्या पायरीवर तिची जीभ आपोआप मालवणीत वळायची. "काम आसा. धक्क्यार फरशे टांगूचे आसत."

"आण हडे, मी बांधतंय."

"नको. आज माझी मी बांधतंय."

सात फरशा होत्या. सहा तिनं स्वतःच्या हातानं बांधल्या. सातवीसाठी जुई हटून बसली, "मला पण एक! माझी माझी!" तेव्हा उल्कानं ती तिला देऊन टाकली. "जा, आजीकडून दोरी बांधून घे." मग सगळ्या सात फरशा मलमलीच्या एकाच पिशवीत घालून तिनं धक्क्याखाली पाण्यात सोडल्या आणि दोन्ही फ्लास्क त्यात रिकामे केले.

शनिवारी सकाळी तिनं पिशवी वर ओढली. भिंग डोळ्याला लावलं. पहिली फरशी कोरी. दुसरी कोरी. सहावीपर्यंत सगळ्या कोऱ्या. सातवी हातात घेताना ती झुबेरला करायच्या फोनची वाक्यं जुळवत होती. आणि भिंगाखाली तिला दिसलं, ते तीळभरही जागा न सोडता दाटीवाटीनं बसलेलं गाव.

ती तशीच फरशी घेऊन घरी धावली.

"जुये, तुझ्या फरशीला तू काय केलंस गं?"

"मी नाही केलं," जुई घाईघाईनं म्हणाली. आवाजावरून तिला वाटलं, ओरडा बसणार. "आजीनं तिला आंघोळ घातली."

"आंघोळ कसली?" आई आतून म्हणाली. "मायपाणी लावलंय."

"मायपाणी म्हणजे?"

आईनं तिच्याकडे असं बघितलं, जणू लेकीनं भाकरी म्हणजे काय असं विचारलं होतं. "कालव फोडल्यार पाणी सुटता, ता. कोरो दगड दर्यात घालूचो नसता. एक कालव फोडूचा, तेचा पाणी हातान पुसूचा, मगे दगड घालूचो. माझी आवस करी. तिची आवस करी."

उल्का पायरीवर बसली. "आये. आदीच्या फरश्यांक लावलं हुतंस?"

"तर!"

"रत्नागिरीक धाडलेल्यांक?"

"सगळ्यांक. एक चुकूक नाय."

"मी कागदार लिहून दिल्लंय मा तुका! काय एक लावूचा नाय म्हणान! साबण नको, तेल नको, रंग नको..."

"मगे?" आईचा आवाज चढला. "लावलंय मी साबण? लावलंय तेल? तुझो कागद अजून फळयेर आसा, वाचून बघ. मायपाणी खय लिवलेला त्येच्यात?"

कागद खरंच फळीवर होता, हळदीच्या बरणीखाली, बारा वर्षांचा पिवळा. उल्कानं तो वाचला. मायपाणी त्यात नव्हतं. तिला तो शब्दच माहीत नव्हता. शाळा संपल्यावर ती वसतिगृहात गेली आणि आई खडकावर नेमकं काय करते हे तिनं कधी जवळून पाहिलंच नव्हतं. पगारी माणसांना मायपाणी ठाऊक नव्हतं म्हणून त्यांच्या फरशा कोऱ्या राहिल्या होत्या. खारेवाडीच्या अळ्या निडर नव्हत्या. इतर अळ्यांसारख्याच होत्या त्या. थोरल्यांची खूण लागली की बसत होत्या, एवढंच.

तिनं डॉ. हट्टंगडींना फोन लावला. त्या तिच्या मार्गदर्शक, आता सत्तरीच्या, निवृत्त, पण बोलण्यात कोयतीची धार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सोमवारी दारं उघडणार ना?"

"हो, मॅडम."

"मग बघ. गप्प बसलीस तर अळ्या मरतील आणि ऑक्टोबरच्या उन्हावर बोट दाखवता येईल. कुणाला कळणार नाही. ही वाट मी तुला सुचवत नाहीये, पण ती आहे, हे तुलाही दिसतंय."

"दिसतंय."

"दुसरी वाट, तुझा निडर वाणावरचा शोधनिबंध मागे घ्यायचा. पण त्यात शब्द जपून वापर. क्षेत्रीय सहाय्यकाची चूक, असं लिहितात. तेवढ्यानं तुझी नोकरी राहील. प्रकल्पही राहील कदाचित."

"क्षेत्रीय सहाय्यक माझी आई आहे. निबंधात तिचं नाव छापलंय."

"माहीत आहे मला," हट्टंगडी म्हणाल्या. "मीच छापायला लावलं होतं."

फोन ठेवून उल्का वळली, तर आई दारात उभी. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"माझा नाव घाल," आई म्हणाली.

"आये..."

"घाल म्हणतंय मी. म्हातारेन घोळ केल्यान, असा लिव. माका काय तेचा? बाजारात कोण इचारतला, दुर्पते, तुझ्या फरश्येंचा काय झाला म्हणान? तुझी नोकरी ऱ्हवांदे." मग पदरानं हात पुसत, दुसरीकडे बघत तिनं विचारलं, "पण खरांच माझ्यामुळा झाला, गो?"

उत्तराला न थांबता आई कोयती घेऊन खडकाकडे निघून गेली. भरती होती. खडकावर जायची ती वेळच नव्हती.

त्या दुपारी उल्कानं काही केलं नाही. आईचं नाव घालायचं, हा विचार इतका सोपा होता की तो मनातून हलेना. आई स्वतःच म्हणाली होती. कुणाचं नुकसानही नव्हतं. आणि तरीही दुसरा एक विचार मधेच डोकं वर काढत होता, तो तर लाजिरवाणाच म्हणायचा अशा वेळी: सातव्या फरशीवर इतक्या का बसल्या? प्रयोगशाळेत कालवाचा अर्क लावून कितीतरी जणांनी प्रयोग केलेत, एवढी गर्दी तर कधीच होत नाही.

संध्याकाळी आई चुलीपाशी बसली, तेव्हा उल्का वही घेऊन शेजारी बसली.

"आये, खयचा कालव फोडतंस?"

आई भाकरी थापत राहिली.

"सांग मा. खडकावरचा खयचा? वरच्या अंगाचा की खालच्या?"

"...वरचा," आई शेवटी म्हणाली. "जेच्यार उन्ह पडता ता. पण जुना होया. खालचो शिंपलो दगडाक तसोच ऱ्हवता मा, तेच्या बाजूचा."

"म्हणजे तू आख्खा काढीत नायस?"

"आख्खा कित्याक? वरचो शिंपलो उघडूचो, मांस घेवचा, बूड दगडार सोडूचा. बूड काढल्यार दगड मरता. ह्या पण म्हायत नाय तुका?"

"नाय," उल्का म्हणाली, आणि लिहून घेतलं. "नि पाणी किती? लगेच लावतंस की थांबतंस? हातान कित्याक, फडक्यान पुसला तर?"

"फडक्यान!" आईला हसूच फुटलं. "फडक्यान पुसूक ती काय गाडी आसा?"

भाकरी करपली. वहीची नऊ पानं भरली. बारा वर्षं उल्का या घरात फरशा मोजायला येत होती, आणि आईसमोर वही उघडून बसायची ही पहिलीच वेळ.

रविवारी दुपारी जुई तिच्या मांडीवर झोपली. एक हात तिच्या डोक्याखाली अडकलेला, म्हणून उल्कानं दुसऱ्या हाताच्या एका बोटानं फोनवर निबंध मागे घेण्याचा अर्ज भरला. कारणांची यादी होती: उपकरणात बिघाड, नमुना दूषित, सहाय्यकाची चूक, इतर. 'सहाय्यकाची चूक' यावर बोट बराच वेळ थांबलं. जुईनं झोपेत कूस बदलली. उल्कानं 'इतर' निवडलं आणि खाली लिहिलं: 'फरशांची देखभाल करणाऱ्या अनुभवी व्यक्तीला काय करू नये हे मी लिहून दिलं. ती काय करते हे मी विचारलं नाही. चूक प्रयोग आखणारीची आहे.'

मग तिनं प्रकल्प समितीच्या अध्यक्षांना आणि झुबेरला एकत्र फोन लावला, आणि जुई जागी होऊ नये म्हणून कुजबुजतच सगळं सांगितलं.

"म्हणजे निडर वाण नाहीच?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"बारा वर्षं तुम्ही काय शोधत होतात मग?"

"जे सापडलं असं वाटलं, तेच परत परत शोधत होते."

"तुम्हाला प्रकल्पाच्या प्रमुखपदावर ठेवणं आता..."

"राजीनामा सकाळीच पाठवलाय. पण उद्या दारं उघडतील. त्याआधी ठोकळ्यांना मायपाणी लावायला हवं. हातानं."

"सात खाड्या, हजारो ठोकळे, आणि हातानं?" झुबेर म्हणाला. "मॅडम, माणसं कुठून आणू?"

"बायका. आईनं फोन सुरू केलेत. चार खाड्यांत अजून कालवं काढणाऱ्या आहेत."

"आणि उरलेल्या तीन?"

त्या तीन खाड्यांतल्या बायका पंधरा-वीस वर्षांपूर्वीच मुंबईला, पुण्याला लेकांकडे गेल्या होत्या. मायपाणी लावणारं तिथे कुणी उरलं नव्हतं. अकरा कोटी अळ्या तिथे होत्या.

"दारं तर उघडणारच," झुबेर हळूच म्हणाला. "अळ्या आणखी कळ काढणार नाहीत."

"माहीत आहे."

सोमवारी ओहोटीला खारेवाडीच्या चिखलात बावीस बायका उतरल्या. साड्या खोचलेल्या, कंबरेला टोपल्या. आई पुढे. झुबेर कॅमेरा घेऊन आला होता. त्यानं नम्रपणे विचारलं, "काकी, मी फवारा मारायचं यंत्र आणलंय. त्यात पाणी भरून भराभर मारू या का?"

"तुझ्या आवशीन तुका फवाऱ्यान न्हाणलो हुतो?" आई म्हणाली. बायका खिदळल्या. झुबेरनं यंत्र मुकाट्यानं गाडीत ठेवलं आणि पँट दुमडून पाण्यात उतरला.

उल्कालाही एक रांग मिळाली, शेवटची, वीस ठोकळ्यांची. भरती चढू लागल्यावर पाळण्याची दारं उघडली. दिसलं कुणालाच काही नाही. खाडीचं पाणी किंचित गढूळ झालं, एवढंच.

बुधवारी सकाळी आकडे आले. तीन खाड्यांत शून्य. त्या आकड्यांकडे उल्का बराच वेळ बघत राहिली. त्यात समजून घ्यायचं काही नव्हतं, तिथे फक्त उशीर झाला होता. बाकी चार खाड्यांत ठोकळे भरले होते. खारेवाडीचे ती स्वतः मोजत होती. आता तिच्यापाशी हुद्दा नव्हता, प्रकल्प नव्हता. खोचलेला ओचा, भिंग आणि पेन्सिल होती. जुई धक्क्यावर बसून आकडे जसेच्या तसे ओरडत होती.

आईचा ठोकळा, तळहाताएवढ्या जागेत एकसष्ट. शेजारणीचा अठ्ठावन्न. झुबेरचा छत्तीस.

"आणि तुझा किती, आई?" जुई ओरडली.

उल्कानं आपला ठोकळा पुन्हा मोजला. मग दुसरा मोजला, तिसरा मोजला.

"नऊ."

"नऊ!" आई कंबरेवर हात ठेवून हसली. "शिकलेल्या हाताक नऊच बसले! आसांदे. पयल्या खेपेक बरे."

पण उल्का हसत नव्हती. ती ठोकळ्याकडे बघत होती. एकाच खडकावरची कालवं, एकाच टोपलीतली. एकच पाणी, एकच भरती. दोन ठोकळ्यांत हाताचं अंतर. मग एकसष्ट आणि नऊ? झुबेरला छत्तीस जमले, आपल्याला नाही? आई जोरात घासते का? की आधी शिंपल्याची कड लागते? की हाताची ऊब? तिला एकदम आपण सव्वीस वर्षांचे असल्यासारखं वाटलं.

"आये, माका परत करून दाखव. सावकाश. एकेक गोष्ट."

"आता? पाणी भराक लागला, डोळे आसत मा?"

"मगे उद्या?"

आईनं कोयती धुतली, टोपली डोक्यावर घेतली आणि जुईला काखोटीला मारलं.

"उद्या आठाक सुकती आसा, खडक उघडे पडतले," ती म्हणाली. "नि ती पेन्सिल आणू नको. दोनय हात लागतत."